छर्रा कुठं थांबणार, ते आधी ठरवा

पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची पौषातली यात्रा असो, नाहीतर मढीला कानिफनाथांची रंगपंचमीची, फुगे फोडायच्या फळीपुढची पोरांची गर्दी काही हटत नाही. फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा, समोर साखळीने बांधलेली जुनी बंदूक, आणि नेम लागला की फट्‌दिशी आवाज. त्याच पोराला घरी आणून कागदावरच्या वर्तुळावर नेम धरायला बसवा, पाचव्या छर्ऱ्याला त्याचं लक्ष उडतं. फुगा उत्तर देतो, कागद गप्प बसतो. नेम शिकवताना हा फरक मोठा आहे, आणि घरात एअरगन असेल तर तो धोक्याचाही आहे. कारण उत्तर देणारं लक्ष्य पोराला मिळालं नाही तर ते स्वतः शोधतं, आणि शिवारात सगळ्यात चटकन उत्तर देतं ते पाखरू.

मी पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने हट्टाने एअरगन घेतली. चार दिवस दुधाच्या पावडरीचे डबे झाले, पाचव्या दिवशी बोरीखाली सातभाई पडलेला मिळाला. उरलेले सहाजण वरच्या फांदीवर बसून कलकलाट करत होते, आणि पोरगं बंदूक पाठीमागं धरून उभं होतं. मी त्याला मारलं नाही, रागावलोही नाही. त्याचा चेहराच सांगत होता की त्याला स्वतःलाच ते सोसलेलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी घरातलं भंगार अंगणात ओतलं आणि त्यातून वाजणाऱ्या, फुटणाऱ्या, पडणाऱ्या वस्तू निवडायला बसलो. तेव्हापासून जे शिकलो, ते इथं लिहितो आहे. ज्यांच्या घरात एअरगन आहे, किंवा दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे, त्यांच्यासाठी.

आधी कायद्याचं. 4.5 मिलिमीटरपर्यंतची नळी आणि 20 जूलच्या आतली ताकद असलेल्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. नळी त्याहून मोठी किंवा ताकद त्याहून जास्त असेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना हवा. खरेदीची पावती जपून ठेवा, आणि नेताना-आणताना बंदूक पिशवीत, रिकामी. परवाना लागत नाही म्हणून पाखरं मारायची मुभा मिळाली, असा समज आपल्याकडे फार आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. होला, साळुंकी, पोपट, मोर, ससा मारला तर हत्यार कोणतं होतं यावरून सुटका होत नाही, मग ती एअरगन असो की गलोल. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोकांनी स्वतःहून एअरगन सरकारकडे जमा करण्याची मोहीम चालली, कारण जंगलं मुकी होत चालली होती. आपल्या जिल्ह्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, आणि ज्या माळरानांवर कधी माळढोक दिसायचा ती माळरानं कर्जत-श्रीगोंद्यात आहेत. आपल्यालाही हे मनावर घ्यायला हवं.

एक गोष्ट मात्र मी मुलांना आवर्जून सांगतो. मुंबईत वाढलेल्या सालिम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, एवढं विचारायला ते मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, आणि पुढं देशाला पक्षीतज्ज्ञ सालिम अली मिळाले. आमच्या पुतण्यानेही त्या सातभाईचं नाव त्याच दिवशी विचारलं. रोज अंगणात येणाऱ्या पाखराचं नाव त्याला तोवर माहीत नव्हतं.

आता मुख्य काम. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना बोलावलं. मोठ्या उत्साहाने बाभळीच्या फांदीला एक लोखंडी तवा टांगला होता, तो दाखवला. त्यांनी तव्याकडे पाहिलंच नाही. तव्याच्या मागं काय आहे, ते पाहायला चालत गेले. परत येऊन म्हणाले, “गुरुजी, नेमाचं नंतर बघू. छर्रा कुठं थांबणार, ते आधी सांगा.”

मला सांगता आलं नाही. मागं बांध होता, त्यापलीकडे शेजाऱ्याची ज्वारी उभी होती, आणि ज्वारीत कुणी खुरपत असेल तर इकडून दिसलं नसतं. उसाचं तर आणखी अवघड, उसात माणूस दहा फुटांवर असला तरी दिसत नाही. मोकळा सुटलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. जवळून लागला तर डोळा जातो, आणि एअरगनमुळे जीव गेल्याचीही उदाहरणं आहेत. हिला खेळणं म्हणू नका.

म्हणून लक्ष्याच्या आधी पाठ तयार करा. आमच्याकडे जी ठरली ती अशी. गोडेतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या. किराणा दुकानात, वडापावच्या गाड्यावर रिकामा मिळतो. एक रुंद बाजू पूर्ण कापून काढा, कडा आतल्या बाजूला दुमडून ठोकून घ्या, नाहीतर हात कापतो. डबा आडवा ठेवून आत जुनी वर्तमानपत्रं घट्ट थप्पी करून कोंबा, इतकी घट्ट की बोट शिरता कामा नये. समोर फाटक्या सतरंजीचा किंवा गोधडीचा तुकडा सैल सोडा. छर्रा सतरंजीत मंदावतो आणि कागदात रुततो. हा झाला छर्रा धरणारा डबा. त्याच्या मागं आणि दोन्ही बाजूंना मातीने भरलेली सिमेंटची रिकामी पोती रचा, उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच. लक्ष्य नेहमी या पोत्यांच्या मध्यावर यायला हवं. पोत्यांच्या वरच्या कडेला कधीच नको.

पोत्यात कोणती माती भरायची यावर आमचा बराच वेळ गेला. आपल्या भागात कुठंही फावडं मारलं की मुरूम लागतो, आणि मुरमातला एक खडा छर्रा उलटवायला पुरेसा आहे. विहिरीवरचा ढिगारा त्याच कारणाने बाद. काळी माती चांगली, पण ती चाळणीतून काढायची. उन्हाळ्यात तिची ढेकळं दगडासारखी होतात, तेव्हा अधूनमधून पाणी मारून फोडायची. शेततळ्याचा उंच भराव पाहून अनेकांना मोह होतो. त्यावरून छर्रा निसटला तर पलीकडे जातो, आणि थोडा खाली लागला तरी ठिबकच्या नळीला नाहीतर तळ्याच्या कागदाला भोक पडतं. तिथं नको.

नेम धरणारा आणि लक्ष्य यांत दहा मीटर अंतर ठेवा, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण तेरा-चौदा पावलं. ऑलिंपिकमधली एअर रायफलही दहा मीटरवरूनच मारतात. जागा ठरली की जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. बंदुकीत छर्रा असताना रेघेपुढं कुणीही जायचं नाही. लक्ष्य उभं करायला जायचं असेल तर बंदूक आधी रिकामी, मग खाली ठेवलेली, नळी पोत्यांकडे. मोठं माणूस हजर नसेल त्या दिवशी बंदूक कपाटात. नळी मोडून भरायच्या बंदुकीत छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, स्प्रिंग सुटली तर बोट चिरडतं. आणि डोळ्यांवर कारखान्यातले कामगार लावतात तसा जाड प्लॅस्टिकचा गॉगल, मारणाऱ्याच्याही आणि बघणाऱ्यांच्याही. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो.

या गॉगलचं मला पटलेलं कारण सांगतो. सुभेदार नको म्हणत असताना दुसऱ्या दिवशी मी त्याच तव्यावर पाच-सहा पावलांवरून एक छर्रा मारलाच. तवा टणकन वाजला, आणि त्याच क्षणी चष्म्याच्या उजव्या काचेवर काहीतरी आपटलं. काचेला केसाएवढी चीर गेली. चष्मा नसता तर हा लेख मी एका डोळ्याने लिहिला असता.

त्यानंतर भंगारातली प्रत्येक वस्तू आम्ही दोन परीक्षांना बसवली. पहिली: फरशीवर टाकून बघायची. टप्पा घेऊन वर उडाली तर ती छर्राही परत पाठवेल. दुसरी: हाताने मोडते का, चुरगळते का, चिरडते का? मोडत असेल तर छर्ऱ्याचा जोर ती स्वतः सोसेल. टेबल टेनिसचा चेंडू पहिल्या परीक्षेत नापास होतो पण दुसरीत पास, कारण तो अंगठ्याने चेपतो. छर्रा त्याच्या आरपार जातो, म्हणून तो चालतो. सीझनचा क्रिकेट बॉल, कॉर्क बॉल, रबरी चेंडू, टायरचा तुकडा, बाभळीचा ओंडका, नारळाची करवंटी हे सगळे बाद. टायरवर फार जणांचा विश्वास असतो. तो मऊ वाटतो, पण छर्रा जवळजवळ आला तसा परत करतो.

दोन्ही परीक्षांत उत्तम उतरलेली पहिली वस्तू म्हणजे खडू. शाळेत वर्षभरात जे तुकडे उरतात ते मी आता टाकत नाही. ओल्या मातीचा लांबट गोळा पाटासारखा थापून त्यात बोटभर अंतरावर खडू उभे रोवायचे. नेम बसला की खडू मधोमध तुटतो, पांढऱ्या धुराचा एक भोवरा वर उठतो आणि वरचा तुकडा खाली पडतो. थोडं डावीकडे लागलं तर खडू हलून तसाच उभा राहतो. काचा नाहीत, पत्रा नाही, उरलेली भुकटी मातीत मिसळून जाते. नवख्या मुलासाठी याहून चांगलं लक्ष्य मला अजून सापडलेलं नाही. पुतण्याचा पहिला खडू फुटला तेव्हा त्याने बंदूक नीट खाली ठेवली, मग उडी मारली. हा क्रम त्याने पाळला याचं सुभेदारांना खडूपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

दुसरी वस्तू दिवाळीनंतर प्रत्येक घरात पडून असते: मातीच्या पणत्या. कुंभाराच्या भट्टीतल्या तडकलेल्या पणत्या तर तो असाच देऊन टाकतो. पणतीला सुतळीचा फास घालून आडव्या काठीवर टांगायची, किंवा पोत्यांपुढं फळीवर तिरपी टेकवायची. ती खळकन फुटते. खापऱ्यांना धार असते, म्हणून खाली जुनी ताडपत्री अंथरा आणि ती जागा अनवाणी तुडवू नका. ज्या पणत्या देवापुढं लावल्या त्या यासाठी वापरू नयेत असं घरातल्या मोठ्यांना वाटत असेल, तर त्यांचा मान ठेवा. भट्टीतल्या तडकलेल्या पुरेशा होतात.

फुटणाऱ्या मातीवर नेम धरायची कल्पना जुनी आहे, आणि तिच्यामागंही पाखरंच आहेत. पूर्वी श्रीमंत लोक पिंजऱ्यातून जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर बंदुका चालवत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरं मारण्याची स्पर्धा झाली होती. त्याच्या वीस वर्षं आधी, 1880 मध्ये, अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने मातीची चकती काढली होती. तोवर काचेचे गोळे उडवत, आणि त्यांच्या काचा शेतभर होत. आज ट्रॅप आणि स्कीट या नेमबाजीच्या खेळांत उडवतात ती चकती 110 मिलिमीटर रुंद आणि साधारण 105 ग्रॅम वजनाची असते. ती चुनखडी आणि डांबर मिसळून करतात, तरी तिला अजून मातीचं कबूतरच म्हणतात. आपली पणती तिची जवळची बहीण. फक्त ती हवेत उडवू नका. हवेत मारलेला छर्रा कुठं जाईल, ते सांगता येत नाही.

तिसरी वस्तू खास आपल्या जिल्ह्याची. कांदा चाळ उघडली की सडलेले, कोंब आलेले कांदे पाटीभर निघतात. नेप्तीच्या बाजारात त्यांना कुणी विचारत नाही, ते बांधावर फेकले जातात. असा कांदा काठीच्या टोकाला खोचा. छर्रा लागला की पापुद्रे उडतात, कांदा गर्रकन फिरतो. खाण्याजोगी वस्तू यासाठी वापरू नये, असं मी मुलांना सांगतो. टोमॅटो-कलिंगड फोडण्याचे व्हिडिओ पाहून ती मागं लागतात. ज्या घरात कांद्याला भाव न मिळाल्याचं दुःख माहीत आहे, तिथं हे फार समजावावं लागत नाही. पण मारून झालेला कांदा जनावरांपुढं टाकू नका, उकिरड्यावर कोंबड्या असतील तर तिथंही नको. त्यात शिसं असतं.

खेळाच्या सामानातलं सगळ्यात उपयोगी म्हणजे काही पिसं झडलेलं बॅडमिंटनचं फूल. जिमखान्यात, शाळेत अशी फुलं डबे भरून टाकतात. कॉर्कच्या टोकातून दोरा ओवून टांगलं की ते वाऱ्यावरही हलतं, आणि छर्रा पिसांतून गेला की नुसतं थरथरतं, कॉर्कला बसला की झोका घेतं. म्हणजे एकाच लक्ष्याची दोन उत्तरं. मुलगा न विचारता शिकतो की आपला नेम दोन बोटं खाली गेला. फाटलेला फुटबॉल चिंध्यांनी सैल भरून टांगला तर धप्प आवाज येतो. तो लहान मुलांना आवडतो, पण लक्ष्य फार मोठं असल्याने शिकवत काही नाही.

या फुलांसाठी आम्ही जो पाळणा केला, तो सविस्तर सांगतो, कारण तो ज्यांनी पाहिला त्यांनी आपापल्या वाडीत केला. भंगारवाल्याकडून सायकलचं पुढचं चाक आणलं, टायर-ट्यूब काढलेलं. दोन बल्ल्या पोत्यांच्या दोन्ही बाजूंना रोवून वर आडवा वासा बांधला, डोक्याच्या बराच वर. चाक आडवं धरून, म्हणजे जमिनीला समांतर, त्याच्या आसाचं वरचं टोक वाशाला पट्टीने आवळलं. आसात ग्रीस भरलं. मग रिंगेला सहा ठिकाणी, फुलं पोत्यांच्या मध्यावर येतील इतक्या लांब सुतळ्या सोडून त्यांना फुलं बांधली. हाताने एकदा फिरवलं की यात्रेतल्या पाळण्यासारखी फुलं गोल फिरतात. लोखंडी रिंग वर राहते, नेमाच्या रेषेत येत नाही, यातच सगळी खुबी आहे. चाक फिरवून रेघेमागं येऊन, बंदूक भरून, जागा घेईपर्यंत वेग उतरलेला असतो, आणि तो संथ वेगच हवा असतो. हलत्या फुलाच्या मागं नळी धाववायची नाही. एक जागा धरून श्वास अर्धा सोडायचा, आणि फूल नळीच्या टोकावरच्या माशीपाशी यायला लागलं की चाप दाबायचा. हे जमायला आमच्या पुतण्याला दोन महिने लागले. मला अजून सहांतली दोनच लागतात.

लगोरी तर आपल्याच घरची. रिकाम्या काड्यापेट्या सात, एकावर एक. छर्रा पुठ्ठ्यातून आरपार जातो, पेटी हलकी असल्यामुळं उडून पडते. नियम असा की वरून एकेक काढायची, खालची हलली तर डाव गेला. पुस्तकात शिकवून न येणारी चिकाटी या सात पेट्या देतात, कारण शेवटची पेटी पडेपर्यंत मुलगा घाई करायला भितो. भाऊ-बहीण आळीपाळीने खेळले की कुणाची काड्यापेटी किती हलली यावर भांडण होतं. ते होऊ द्यावं.

वाजणारं लक्ष्य हवंच असेल, आणि मुलांना ते हवंच असतं, तर तव्याची गोष्ट नीट करा. बिडाचा तवा नको, तो तडकून त्याची चीप उडते. जाड, सपाट, गुळगुळीत लोखंडी तवा किंवा पोलादी ताट घ्या. वरच्या कडेला दोन भोकं पाडून साखळीच्या दोन लहान तुकड्यांनी असं टांगा की त्याचं तोंड समोर न राहता जमिनीकडे झुकेल. मागच्या बाजूला वर एक लाकडी ठोकळा अडकवला की तो झुकलेला राहतो. मग लागलेला छर्रा खाली मातीत जातो. अंतर दहा मीटरच्या आत कधीही नाही, छर्रा मऊ शिशाचा आणि चपट्या तोंडाचाच. पोलादी गोळ्या, ज्यांना बीबी म्हणतात, त्या कोणत्याही कठीण वस्तूवर मारू नका, त्या उलटतातच. तव्याला खळगे पडले, पोचे आले, की तो बाद करा. खळग्यात बसलेला छर्रा वाटेल त्या दिशेला उडतो. एवढं सांभाळलं की ज्वारीच्या माळ्यावर पाखरं हाकायला डबा वाजवतात तसा टणत्कार ऐकू येतो, आणि अंगणातली सगळी माणसं वळून बघतात.

काय वापरू नये, तेही सांगतो. काचेच्या बाटल्या आणि बांगड्या नकोत, काच शेतात वर्षानुवर्षं राहते आणि बैलाच्या खुरात शिरते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. डास मारायचे आणि अंगाला मारायचे फवारे रिकामे झाले तरी आत दाब असतो, ते फुटतात. लायटर, गॅसची छोटी टाकी, मोबाइलची बॅटरी पेट घेतात. फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांना हातच लावू नका. जुन्या सीडी चमकतात म्हणून मुलं टांगतात, पण त्यांच्या सुया उडतात. विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या चिमण्या फोडणं हा गुन्हा आहे, आणि खाली पडलेल्या तारेने माणूस मरतो. आग्यामोहोळावर नेम धरणाऱ्याला त्याचं उत्तर लगेच मिळतं, आणि ते सगळ्या वस्तीला भोगावं लागतं. स्फोट होणारी लक्ष्यं परदेशी व्हिडिओंत दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एक शंका खेळातली माणसं काढतात, आणि ती रास्त आहे. वस्तू फोडून नेमबाज घडतो का? बायथलॉन या हिवाळी खेळात लक्ष्य उत्तर देणारंच असतं: 50 मीटरवर पाच काळी वर्तुळं, झोपून मारताना 45 मिलिमीटरची आणि उभं राहून 115 मिलिमीटरची. नेम बसला की काळ्यावर पांढरी पट्टी येते. पण त्यांचाही पाया कागदावरच घातलेला असतो. खडू फक्त लागला की नाही तेवढं सांगतो. कागद सांगतो की किती चुकला, कुठल्या बाजूला चुकला, आणि दहाही छर्रे त्याच बाजूला जात असतील तर दोष हाताचा नसून माशीचा आहे. म्हणून आमच्याकडे नियम आहे: आधी दहा छर्रे कागदावर, मग दहा भंगारावर. त्या कागदावर तारीख घालून तो भिंतीला खिळ्याने अडकवतो. दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन स्पर्धेत 451.4 गुण करून कांस्यपदक घेतलं. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी त्याच जिल्ह्याचं नाव जगात नेलं. मुलाला खरंच गोडी लागली, तर त्याला शिक्षक असलेल्या क्लबमध्ये पाठवा. अंगणातला खडू तिथवर पोचवण्यापुरता आहे.

आवरण्याचंही एक शिस्तीचं काम आहे. छर्रा शिशाचा असतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. छर्रे तोंडात धरायची सवय अनेकांना असते, ती पहिल्या दिवशी मोडा. खेळताना खाणं नाही, खेळून झालं की साबणाने हात. डब्यातले कागद दोन-तीन महिन्यांनी बदला, आणि शिसं बरणीत साठवून भंगारवाल्याला शिसं म्हणून सांगून द्या. चुलीवर वितळवू नका. ताडपत्रीवरचा कचरा रोज गोळा करा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कोंबडी दाणे टिपते.

आता भंगाराबद्दल शेवटचं, आणि हे मी फक्त आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी लिहितो आहे. नगरला 1948 पासून लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे, आणि नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांच्या शिवारांना लागून के. के. रेंज हे सरावाचं मैदान आहे. मोडीत निघालेली रणगाड्यांची धुडं सरावासाठी लक्ष्य म्हणून ठेवण्याची पद्धत जगभर आहे. आपण पणती टांगतो, तिथं पोलाद ठेवतात, आणि त्यावर खरे गोळे पडतात. सगळेच गोळे पडल्या-पडल्या फुटत नाहीत. न फुटलेला गोळा मातीत रुतून वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि बाहेरून तो गंजलेल्या पाइपाच्या तुकड्यासारखा दिसतो. पितळेच्या आणि लोखंडाच्या भावासाठी असं भंगार वेचायला गेलेली माणसं या भागात स्फोटात दगावलेली आहेत. मुलांना भंगारातून लक्ष्य शोधायची सवय लावतो आहोत, म्हणून हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगणं आपलं काम आहे. भंगार घरातलं, शाळेतलं, कांदा चाळीतलं. माळावर, ओढ्यात, मैदानाच्या कडेला सापडलेली एकही धातूची वस्तू उचलायची नाही, पायाने ढकलायची नाही, तिच्यावर छर्रा तर मुळीच मारायचा नाही. भंगारवाल्याकडे अशी वस्तू दिसली तर तिथून मुलांना घेऊन आधी लांब व्हा. जागेची खूण लक्षात ठेवा, आणि पोलीस पाटलांना सांगा किंवा 112 ला फोन करा.